रिमोटची गाडी : इंधनाची की विजेची (खानदेश)

रेडिओलहरींनी दुरून चालवायची मोटारीची लहान प्रतिकृती म्हणजे रेडिओ-नियंत्रित मोटार. बोलण्यात ‘रिमोटची गाडी’. जत्रेत मिळणारी बटनाची गाडी आणि छंदाची गाडी यांत मोठे अंतर आहे. छंदाच्या गाडीचा वेग आणि चाकाचे वळण बोटाच्या दाबाप्रमाणे कमीजास्त होते, तिचा दांडा, गिअर, बेअरिंग, टायर सुटे मिळतात, आणि ते बदलावे लागतातच. आकार प्रमाणात सांगतात : चार मीटर लांबीची मोटार १:१० प्रमाणात ४० सेंटिमीटरची होते. १:१०, १:८ आणि १:५ ही रूढ प्रमाणे. ताकदीचा उगम पाहिला तर तीन जाती : मेथॅनॉलच्या मिश्रणावर चालणारी ‘नायट्रो’, पेट्रोलवर चालणारी, आणि बॅटरीची. घ्यायची कोणती, याचे उत्तर पुण्या-मुंबईत एक असेल. जळगाव-धुळ्यात ते उत्तर इंधन मिळते कुठून आणि मे महिना गाडी कसा सोसते, या दोन गोष्टींवर ठरते.

इतिहास : इटलीतील एल-जी या कंपनीने १९६६ मध्ये फेरारी २५० एलएमची १:१२ प्रमाणातील विजेवरची गाडी विकायला काढली, बाजारात आलेल्या पहिल्या रेडिओ-नियंत्रित गाड्यांत तिची गणना होते. जपानच्या तामिया कंपनीची पोर्शे ९३४ ही १९७६ ची. तरीही पुढची पंचवीस-तीस वर्षे ‘खरी’ गाडी म्हणजे इंजिनाची, अशीच समजूत होती, आणि ती चुकीचीही नव्हती. निकेल-कॅडमियम बॅटरी जड, लवकर संपणारी. मोटरचे कार्बन ब्रश झिजायचे. ब्रशविरहित मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी (लिपो) २००० नंतरच्या दशकात आवाक्यात आल्या आणि वेगाच्या शर्यतीत विजेने इंजिनाला मागे टाकले. मोठ्या शर्यतींत १:८ ची नायट्रो अजून धावते, कारण टाकी काही सेकंदांत भरून ती पुन्हा पळवता येते.

नायट्रो : इंजिन दोन-स्ट्रोकचे, साधारण २ ते ४ घन सेंटिमीटरचे, मिनिटाला ३० हजारांवर फेरे घेणारे. स्पार्क प्लग नाही. त्याच्या जागी ग्लो प्लग : प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तापवायची, मग मेथॅनॉलच्या संपर्काने आणि स्फोटाच्या उष्णतेने ती स्वतःच लाल राहते. इंधनात मेथॅनॉल मुख्य, सोबत तेल आणि बहुधा १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन. ७५ मिलिलिटरची टाकी आठ-दहा मिनिटे पुरते. नव्या इंजिनाच्या पहिल्या चार-पाच टाक्या मिश्रण जाड ठेवून, वेग न देता जाळायच्या. घाई केली तर इंजिन त्या दिवशीच म्हातारे होते.

नायट्रोवाल्याचे कसब कार्ब्युरेटरच्या सुईत असते. सुई पेचकसने घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवली की इंधन कमी पडते, गाडी तीक्ष्ण पळते आणि तापते. उलट फिरवली की धूर वाढतो, इंजिन गुदमरते. एका वेळी पूर्ण फेऱ्याच्या बाराव्या भागाइतकीच सुई फिरवायची. मागे निळसर धुराची बारीक रेघ दिसली पाहिजे. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो चार-पाच सेकंदांत चर्र करून उडाला तर ठीक. टाकताक्षणी उडाला तर सुई लगेच सैल करावी. तापमापक असेल तर १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. सकाळी सातला जमवलेली सुई मेमध्ये अकराला चालत नाही. तोरणमाळला (सुमारे १,१५० मीटर) गाडी नेली तर विरळ हवेमुळे मिश्रण आपोआप जाड होते आणि सुई आवळावी लागते.

हिवाळ्याची अडचण वेगळी. धुळ्यात पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. नायट्रोचे सिलिंडर वर निमुळते असते. थंड असताना पिस्टन टोकाला घट्ट अडकतो आणि सुरू करायची दोरी ओढताना ती तुटते किंवा कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. अशा सकाळी इंजिनाचे डोके केस वाळवायच्या ड्रायरने दोन मिनिटे शेकून घेतात. घरात ड्रायर कोणाचा आहे यावर पुढचे अवलंबून.

इंधनाचा पेच : नायट्रोची खरी गोम इथे आहे. मेथॅनॉल हे जालीम विष. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत मेथॅनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे गेली. महाराष्ट्रात त्याच्या विक्रीवर विष कायद्याखाली परवान्याचे बंधन आहे, त्यामुळे ‘रसायनवाल्याकडून आणून घरी मिसळू’ हा बेत मनातून काढून टाकावा. तयार इंधन मोठ्या शहरांतील मोजक्या छंद-दुकानांत मिळते. ज्वालाग्राही द्रव म्हणून विमानाच्या साध्या पार्सलने ते येत नाही, आणि रेल्वेच्या डब्यात सोबत आणणे नियमबाह्य आहे. लिटरमागे किंमत पेट्रोलच्या कित्येक पट. शिवाय मेथॅनॉल हवेतले पाणी शोषते. बूच सैल राहिलेला डबा एका पावसाळ्यात वाया जातो. आणखी एक धोका लक्षात घ्यावा : मेथॅनॉलची ज्योत भर उन्हात डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. गाडी पेटली आहे हे आधी हाताला कळते.

पेट्रोलची गाडी : इंजिनाचा सोस असेल तर खानदेशात हीच घ्यावी, असे या नोंदीचे मत आहे. १:५ प्रमाणातील या गाड्यांत २३ ते ३० घन सेंटिमीटरचे दोन-स्ट्रोक इंजिन असते : स्पार्क प्लग, पडद्याचा कार्ब्युरेटर, ओढायची दोरी. गवत कापायचे यंत्र आणि पाठीवरचा फवारणी पंप यांत याच कुळातली इंजिने असतात. केळी-कापसाच्या या पट्ट्यात फवारणी पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावी सापडतो, आणि कार्ब्युरेटरचा कडक झालेला पडदा त्याच्या ओळखीचा असतो. मिश्रण साधारण २५ ला १ : लिटरभर पेट्रोलला ४० मिलिलिटर दोन-स्ट्रोक तेल, गाडीच्या पुस्तिकेत वेगळे दिले असेल तर ते पाळावे. पंपावर धातूचा डबा न्यावा. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल द्यायला पंपवाले नकार देतात आणि ते बरोबरच आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या इंजिनांतील रबरी नळ्या आणि पडदे लवकर खराब होतात. म्हणून खेळ संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. गैरसोय आकाराची : गाडी आठ-दहा किलोची, मोकळे मैदान हवे, आणि ती घोट्यावर आदळली तर हाड मोडू शकते.

विजेची गाडी : विहिरीवर ऑइल इंजिन ठेवायचे की विजेची मोटर, हा हिशेब खानदेशी शेतकऱ्याने पूर्वीच केलेला आहे : वीज असेल तर मोटर, नसेल त्या रात्रीसाठी इंजिन. गाडीलाही तेच लागू पडते, फक्त वीज इथे आधी साठवून ठेवता येते. बहुतेक चांगले चार्जर १२ व्होल्टवरही चालतात, म्हणजे भारनियमनात जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीवर काम भागते.

मोटरच्या अंगावर ‘केव्ही’ असा आकडा असतो. एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, ते तो सांगतो. ३,५०० केव्हीची मोटर दोन सेलच्या ७.४ व्होल्टवर भाराविना सुमारे २५,९०० फेरे घेते. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सरासरी २० अँपिअर ओढले तर पंधरा मिनिटे. तीन सेल लावले की वेग चढतो, आणि तितक्याच झपाट्याने उष्णता.

विजेच्या गाडीची परीक्षा उन्हातच होते. लिपो ६० अंशांपुढे नेऊ नये, असा दंडक आहे. जळगावात मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो. म्हणजे मैदानावर ठेवतानाच बॅटरीला जेमतेम पंधरा अंशांची सवड उरते. मोटरही ८०-८५ च्या पुढे गेली की तिच्या चुंबकांची ताकद कायमची घटू लागते. उपाय साधे आहेत : उन्हाळ्यात मोटरवरचे लहान दातचक्र (पिनिअन) दोन दाते कमी घालावे, सकाळी आठच्या आत खेळावे, दोन फेऱ्यांमध्ये बॅटरी सावलीत थंड होऊ द्यावी. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात लावलेल्या मोटारीत ती ठेवू नये. भरलेली ठेवली तर फुगते. आठवडाभर खेळायचे नसेल तेव्हा दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवावी. फुगलेली बॅटरी पुन्हा भरू नये. चार्जिंग फरशीवर, समोर बसून, शेजारी वाळूची बादली ठेवून.

सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून मालवाहतुकीने पाठवायला १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. त्यामुळे ती रस्त्याने येते आणि वेळ घेते. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीची बॅटरी फेब्रुवारीतच मागवावी. सुट्या भागांचीही वाट पाहावी लागते, पण तुटलेली तार, जळलेला कनेक्टर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे जोडून मिळतो. त्यासाठी जळगावात गोलाणी मार्केट आहेच.

माती आणि आवाज : काळ्या मातीची उन्हाळ्यात पिठासारखी धूळ होते. इंजिनाच्या हवेच्या फिल्टरचा स्पंज तेलात भिजवून लावला नाही तर ती सिलिंडरमध्ये जाते आणि दोन-तीन टाक्यांत दाब निघून जातो. विजेच्या गाडीत धूळ पंख्यात आणि बेअरिंगमध्ये बसते. ब्रशने झाडून भागते. पावसाळ्यात चिखल चाकाला असा चिकटतो, की कोणतीच गाडी चालत नाही. तेव्हा नदीकाठची वाळू बरी. आवाजाच्या बाबतीत निवड सोपी आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येते. पहाटे जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्यांमध्ये नायट्रो सुरू करणाऱ्याची कोणी गय करणार नाही. विजेची गाडी तिथे कडेला चालवली तर लोक उलट थांबून बघतात.

सुरक्षितता : आता बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. या पट्ट्याला भारतात परवाना लागत नाही आणि जुन्या २७ मेगाहर्ट्‌झच्या रिमोटांसारखी दोन गाड्यांची गल्लत होत नाही. मात्र इंजिनाच्या गाडीत एक वेगळा धोका उरतो. रिसीव्हरची लहान बॅटरी मध्येच संपली, की कार्ब्युरेटर उघडा तसाच राहतो आणि गाडी कोणाचेही न ऐकता सुटते. त्यासाठी फेलसेफ आणि कार्ब्युरेटर मिटवणारी स्प्रिंग लावावी. विजेच्या गाडीचा वेगनियंत्रक संदेश तुटला की बहुधा मोटर थांबवतो.

कोणी काय घ्यावे : दहा-बारा वर्षांच्या मुलाला निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीची, ब्रशच्या मोटरची १:१० गाडी पुरे, ती हळू असते, पण चूक पोटात घालते. त्यापुढे लिपो. बांभोरी, फैजपूर, शिरपूर, धुळे येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. तिथल्या यंत्र शाखेच्या विद्यार्थ्याने नायट्रो घेतली तर ती वाया जात नाही. मिश्रण, दाब, तापमान यांचा परस्परसंबंध सुईच्या एका फेऱ्यात कळतो, आणि आयआयटी मुंबईच्या ‘टेकफेस्ट’मध्ये इंजिनाच्या रिमोट गाड्यांची स्पर्धा ‘फुल थ्रॉटल’ या नावाने होत आली आहे. इंधन मात्र चार-पाच जणांनी मिळून आणावे.

जुनी गाडी घेताना नायट्रोचा ग्लो प्लग जागेवर ठेवून, इंजिन थंड असताना फ्लायव्हील बोटाने फिरवावे : वरच्या टोकाला अडकल्यासारखे वाटले तर दाब शाबूत आहे, गुळगुळीत फिरले तर सिलिंडर-पिस्टन बदलायचा खर्च किमतीत धरावा. विजेच्या गाडीत प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मोजावा. पूर्ण भरल्यावर ४.२ च्या आसपास सगळे सारखे हवेत. एखादा सेल ०.१ व्होल्टनेही मागे असेल तर बॅटरीची किंमत शून्य समजून बाकीच्या गाडीचा भाव करावा.