दिवाळी ते चंपाषष्ठी : कुत्र्याचा घास फोडणीआधीच बाजूला काढा

सणासुदीला माणसांची ताटं भरतात, तसे दारच्या कुत्र्यापुढेही चार घास जास्त पडतात. दिवाळीचा फराळ भाऊबीजेपर्यंत चालतो. त्यानंतर साधारण सव्वा महिन्याने चंपाषष्ठी येते. कुत्रा हा खंडोबाचा सोबती, म्हणून त्या दिवशी अनेक घरांत भरीत-रोडग्याच्या नैवेद्यातला घास कुत्र्यालाही घालतात. भाव चांगलाच आहे, पण माणसाला पचणारे काही पदार्थ कुत्र्याच्या जिवावर बेततात.

हे घालू नका

कांदा-लसूण : भरीत, कांद्याची पात, रश्श्याची भाकरी, लसणाची फोडणी दिलेला चिवडा. कांदा कच्चा असो, शिजवलेला असो की वाळवलेला, तो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल पडतो, हिरड्या फिक्या होतात, लघवी गडद होते. तोवर कांदा खाल्ल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं.

मनुका, बेदाणे, द्राक्षे : लाडू, करंजीचं सारण, शिरा, चिवडा यांत बेदाणे असतातच. याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही, त्यामुळे एक-दोन दाणेही नकोत. तासगावसारख्या भागात बेदाण्याच्या शेडवर राखणीला कुत्री असतात, तिथं सांडलेला माल रोज झाडून घ्यावा.

चॉकलेट : पाहुण्यांनी आणलेले डबे उंचावर ठेवा. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं जास्त घातक.

शुगर फ्री गोळ्या, च्युइंगम, मिठाई : काहींत झायलिटॉल असतं. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते.

तळलेलं आणि हाडं : चकली, शेव, उरलेलं तळण जास्त झालं की उलट्या, जुलाब आणि स्वादुपिंडाला सूज येते. शिजवलेल्या हाडाच्या, त्यातही कोंबडीच्या हाडाच्या अणकुचीदार ढलप्या निघतात. त्या घशात किंवा आतड्यात रुततात.

हे खुशाल घाला

यासाठी बाजारातून काही आणायला नको. मीठ, मसाला, साखर घालण्याआधी घरचंच थोडं काढून ठेवलं की झालं.

- उकडलेलं रताळं, लाल भोपळा, गाजर
- उकडलेलं अंडं किंवा हाड काढलेलं चिकन
- बाजरी-ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, बिनमिठाच्या ताकात कुस्करून
- बिया काढलेलं सफरचंद, केळ्याचे दोन काप
- बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे, चार-सहा दाणे

चंपाषष्ठीला कुत्र्यासाठी साधा रोडगा वेगळा ठेवा. वांगं भाजून सोललं की कांदा, लसूण, मिरची घालण्याआधी चमचाभर गर त्यावर द्या. प्रथाही राहते आणि कुत्र्यालाही बाधत नाही. दूध सगळ्याच कुत्र्यांना पचत नाही. ढाळ लागत असतील तर दूध बंद करा.

किती द्यायचं?

दिवसभराच्या खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा खाऊ जास्त नसावा. चार भाकरी खाणाऱ्या कुत्र्याला अर्ध्या भाकरीपेक्षा थोडा कमीच खाऊ पुष्कळ झाला. नवा पदार्थ पहिल्या दिवशी थोडाच घालून पाहा.

चुकून खाल्लं तर

सतत उलट्या, लाळ गळणं, थरथर, पोट फुगणं, लघवी बंद होणं, चालताना झोक जाणं यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. बेदाणे, चॉकलेट किंवा झायलिटॉल पोटात गेल्याचं कळलं, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच निघा. मिठाचं पाणी किंवा तेल पाजून घरीच ओकारी काढू नका, त्याने दुखणं वाढतं. काय खाल्लं, किती आणि कधी, हे लक्षात ठेवा, वेष्टन सोबत घ्या आणि जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे.

घरातल्या पोरांना आणि पाहुण्यांनाही हे सांगून ठेवा. कुत्र्याला लाडू बहुतेक वेळा त्यांच्याच हातून जातो.