यंत्र आधी, शास्त्र मागून

1921 साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांनी आपल्या खाजगी चिटणिसाच्या जागेवर इ. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराला बोलावून घेतलं. फॉर्स्टर केंब्रिजला अभिजात साहित्य आणि इतिहास शिकलेला. देवासला त्याच्या गळ्यात पडल्या बागा, टेनिसची मैदानं, मोटारी, पाहुण्यांचा बंगला आणि शिवाय वीजघर. आपल्याला जे थोडंफार येतं त्या लिहिण्यावाचण्याशी यातल्या कशाचाच संबंध नाही, असं त्याने पत्रातून घरी कळवलं. ती पत्रं पुढे 1953 साली ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. राजवाड्याचे दिवे ज्याच्या भरवशावर लागायचे, तो माणूस हा असा होता.

हा किस्सा संस्थानी गंमत म्हणून सांगितला जातो. पण धार आणि देवास या दोन पवारी मुलखांत यंत्रांचा जो इतिहास पुढे घडला, त्याची तऱ्हा त्यात पुरती दिसते. यंत्र बाहेरून यायचं, बसायचं, फिरू लागायचं. ते आवरायचं कसं, हे शिकवणारा मात्र मागून यायचा, कधी फारच मागून.

धारला तर हे दुखणं नऊ-दहा शतकं जुनं आहे. अकराव्या शतकात इथे राज्य करणाऱ्या भोज परमाराच्या नावावर ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे. सयाजीराव गायकवाडांच्या प्राच्य ग्रंथमालेत तो 1924-25 साली बडोद्याहून छापला गेला. त्याचा एकतिसावा अध्याय निव्वळ यंत्रांचा: दिव्यात तेल घालणाऱ्या बाहुल्या, पाणी पिणारा हत्ती, दारावरचे लाकडी पहारेकरी, कारंजी, पाऱ्यावर उडणारा पक्षी. चांगलं यंत्र कसं असावं याचीही यादी आहे: त्याने आवाज करू नये, ते सैल नसावं, फार ताठ नसावं, हव्या त्या वेळी चालावं. आजच्या कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या माणसाला यातलं एकही कलम खटकणार नाही. मात्र यंत्र घडवायचं कसं, हे ग्रंथ सांगत नाही. आणि हे अज्ञानामुळे नव्हे, गुप्तता राहावी म्हणून वगळलं आहे, असं वर स्पष्टच बजावतो. हा पक्षी, म्हणजे ग्रंथातलं विमान, खरंच उडत होता का, यावर भांडणारे पुष्कळ भेटतात. खरं तर विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे: शिकवायचं नाही असं ठरवलेल्या विद्येचं पुढे काय होतं? धारच्या लाट मशिदीपाशी तीन तुकड्यांत पडलेला प्रचंड लोहस्तंभ याचं एक उत्तर देतो. तो घडवणारे लोहार कोण होते आणि एवढं लोखंड त्यांनी कसं सांधलं, हे आज धातुशास्त्रज्ञांना त्या तुकड्यांवरूनच ताडावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं गेली आणि कारखाने आले. किर्लोस्करांनी देवासला पंपांचा कारखाना काढला. 1974 साली तिथे नोटा छापणारा सरकारी छापखाना, म्हणजे बँक नोट प्रेस, सुरू झाला. त्याच्या आवारात नोटांची खास शाईही बनते. धार जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, इंदूरपासून तासाभराच्या आत, पीथमपूरची औद्योगिक वसाहत 1980च्या दशकात भराभर वाढली. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर इथली. बजाज टेम्पो इथे आली. आयशरने मित्सुबिशीच्या साहाय्याने 1986 पासून इथे ट्रक काढले. पुणे आणि पीथमपूर यांच्यामध्ये फोरमन, फिटर आणि नातेवाईक यांची ये-जा सुरू झाली ती तेव्हापासून.

या काळापर्यंत जगात कारखान्याचा कारभार संगणकाच्या हाती जाऊ लागला होता. 1959 साली टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथे टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आरडब्ल्यू-300 नावाचा संगणक एका विभागावर बसवला गेला. 26 प्रवाह, 72 तापमानं, 3 दाब आणि 3 मिश्रणं तो सांभाळत असे. 1962 साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीने पुढचं पाऊल टाकलं: जुनी नियंत्रक उपकरणं काढून टाकली आणि फेरांटीच्या आर्गस संगणकाला थेट 129 व्हॉल्व्ह जोडून दिले. मोटारींच्या कारखान्यात अडचण निराळी होती. तिथे भिंतभर रिलेंची पॅनलं असत. गाडीचं मॉडेल बदललं की सगळी वायरिंग उपसायची. यावर उतारा म्हणून 1969 मध्ये अमेरिकेत डिक मॉर्ली आणि त्याच्या सोबत्यांनी मोडिकॉन 084 तयार केला. आज ज्याला सगळे पीएलसी, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणतात, त्या जातीचा हा आद्य पुरुष.

पीएलसीची खरी हुशारी त्याच्या भाषेत होती. इलेक्ट्रिशियन मंडळी रिलेची जी शिडीसारखी आकृती वर्षानुवर्षं वाचत आली होती, तीच पडद्यावर आणली. त्यामुळे आयटीआय झालेला वायरमन चार दिवसांत कामाला लागू शकला. प्रोग्रामिंग शिकवण्याआधी शिकणाऱ्याला काय येतं, हे कुणीतरी पाहिलं होतं. आपल्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत हा विचार फार क्वचित दिसतो.

या भागातल्या मुलांचं शिकण्याचं मोठं ठिकाण इंदूर. तिथली गोविंदराम सेकसरिया संस्था 1952 साली ‘कलाभवन’ या नावाने उघडली. मराठी वाचकाला यावरून बडोद्याचं कलाभवन आठवेल. भोपाळचं राजीव गांधी तंत्रशास्त्र विद्यापीठ 1998 साली झालं आणि माळव्यात खाजगी कॉलेजांचं पीक आलं. प्रोसेस कंट्रोल हा विषय बहुतेक ठिकाणी फळ्यावर सुरू होतो आणि फळ्यावरच राहतो: लाप्लास, ट्रान्सफर फंक्शन, मूळ शोधायची गणितं. पेपर सुटतो, व्हॉल्व्ह हाताला लागत नाही.

हाताला लागला, तर विषय फार सुंदर आहे. झीगलर आणि निकल्स या दोन इंजिनिअरांनी 1942 साली सांगितलेली रीत अजून प्रयोगशाळेत करतात. टाकीत पाण्याची पातळी राखायची आहे. कंट्रोलरचा गेन, म्हणजे त्याच्या प्रतिसादाचा जोर, हळूहळू वाढवत न्यायचा, पाणी एका लयीत वरखाली डुलू लागेपर्यंत. तो गेन टिपायचा, एका हेलकाव्याला लागणारा वेळ टिपायचा आणि त्या दोन आकड्यांवरून कंट्रोलर बसवायचा. चूक किती आहे, ती किती वेळ साचली आहे आणि किती वेगाने वाढते आहे, या तीन गोष्टी कंट्रोलर पाहतो. तिसरी गोष्ट मुलं हमखास ऑप्शनला टाकतात.

प्रयोगाचं सामान महाग, ही कॉलेजांची जुनी तक्रार. तिच्यावर मुंबईच्या आयआयटीत कन्नन मौदगल्य यांच्या गटाने एक साधा तोडगा काढला. धातूची छोटी पट्टी, ती तापवणारी तार, संगणकातला असतो तसा पंखा, तापमान मोजणारा सेन्सर आणि एक मायक्रोकंट्रोलर. एवढ्यात अख्खी कंट्रोल लॅब मावते. सॉफ्टवेअर सायलॅब, म्हणजे फुकट. शिवाय हे संच इंटरनेटला जोडलेले, त्यामुळे दूरच्या गावातला विद्यार्थीही पवईतली खरी पट्टी तापवून आपला कंट्रोलर पारखू शकतो. भोजाच्या ग्रंथाने जे झाकून ठेवलं, नेमकं ते इथे उघडून ठेवलं आहे.

कंट्रोलरच्या त्या तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे वाढीच्या वेगाकडे, न पाहण्याची किंमत मध्य प्रदेशाइतकी कुणी मोजलेली नाही. 2 डिसेंबर 1984च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये ई-610 या टाकीचा दाब साडेदहाच्या सुमारास 2 पौंड होता. शिफ्ट बदलली. अकराला काटा 10वर होता. 10 हा आकडा नेहमीच्या मर्यादेतलाच, म्हणून कुणी दचकलं नाही. पण 2 वरून इथवर, पाऊण तासाच्या आत, तो पाचपट झाला होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली, आणि उपकरणांवर कामगारांचा विश्वास उरलेला नव्हता. मध्यरात्रीनंतर सुमारे 40 टन विषारी वायू शहरावर पसरला. काटा कुठे आहे ते पाहिलं गेलं; तो किती वेगाने चढतो आहे, हे पाहिलं गेलं नाही.

त्या कारखान्यात उरलेला कचरा चाळीस वर्षांनी धार जिल्ह्यात आला. जानेवारी 2025च्या आरंभी 12 कंटेनरांतून 337 टन माल पीथमपूरला पोचला आणि गाव रस्त्यावर उतरलं. लोकांची भीती अडाणी नव्हती. भोपाळच्या लोकांनाही एकेकाळी सगळं ठीक आहे असंच सांगितलं होतं. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या. पहिल्या वेळी भट्टीत तासाला 135 किलो कचरा सोडला, दुसऱ्या वेळी 180, तिसऱ्या वेळी 270. धुराड्यातून काय बाहेर पडतं ते यंत्रं अखंड मोजत होती. मग मे महिन्यात तासाला 270 किलोच्या कमाल वेगाने उरलेला माल जाळायला घेतला आणि 30 जूनपर्यंत काम संपलं.

भट्टीला किती द्यायचं, कोणत्या वेगाने, आणि कोणता आकडा दिसला की हात आवरायचा, हाच प्रोसेस कंट्रोलचा सगळा अभ्यासक्रम. तो धार जिल्ह्यात, देवास आणि इंदूरच्या कॉलेजांपासून दोन तासांच्या आत, प्रत्यक्ष घडला. मध्य प्रदेश शासनाने त्या दिवसांची तासातासाची नोंद या कॉलेजांच्या हाती द्यावी, आणि कॉलेजांनी ती ई-610च्या त्या पाऊण तासाशेजारी ठेवून तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून सोडवून घ्यावी.