हौशी कोण आणि धंदेवाईक कोण?

खेळाचा इतिहास आपल्याकडे विजयांचा आणि विक्रमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोण जिंकले आणि किती फरकाने जिंकले, एवढे नोंदवले की इतिहासकाराचे काम संपले असे मानण्यात येते. परंतु मैदानात कोणाला उतरू दिले, कोणत्या नावाने उतरू दिले आणि खेळण्यासाठी लागणारा वेळ त्याने कोठून आणला, हे तीन प्रश्न विचारले की तोच इतिहास निराळा दिसू लागतो. हे प्रश्न विचारण्यासाठी मी एक दूरचे उदाहरण घेत आहे. कॅनडातील ट्रेल या कारखान्याच्या गावातील हौशी संघाने १९६१ साली सोव्हिएत रशियाच्या संघाला हरवून बर्फावरच्या हॉकीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. ही घटना तिकडे गावाच्या अभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तशी ती आहेच. पण तेवढीच नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपल्या भाषेत ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ हे दोन शब्द बरोबरीचे नाहीत. हौशी म्हटले की निष्ठा, निर्मळपणा, ध्येयवाद. आणि धंदेवाईक म्हटले की पैशाचा वास. तमाशाच्या फडावर ज्याचे पोट, त्याची कला ‘धंदा’ ठरली. कचेरीतल्या पगारावर ज्याचे पोट, त्याने संध्याकाळी केलेले नाटक ‘कलेची सेवा’ ठरले. फरक कलेत नव्हता, तर पोटाची सोय आधीच झाली होती की नाही यात होता. हा भेद केवळ आपलाच नाही. इंग्लंडमध्ये तर तो नियम म्हणून छापला गेला. हेन्लीच्या नौकास्पर्धेच्या चालकांनी १८७९ साली हौशी नौकापटूची व्याख्या केली. तीत यांत्रिक, कारागीर आणि मजूर म्हणून मजुरीवर काम करणाऱ्या माणसाला जागा नव्हती. त्याने शर्यतीसाठी एक पैसाही घेतलेला नसला तरी चालणार नव्हते. हाताने काम करणे हीच अपात्रता होती. १९३६ साली ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक संघातील नौकापटू पोलीस शिपाई आहेत म्हणून त्यांना हेन्लीत प्रवेश नाकारण्यात आला. त्यानंतर, १९३७ साली, हा नियम बदलला.

कॅनडा याहून एक पाऊल पुढे होता. माँट्रियलमधील पायी शर्यतींच्या एका क्लबने १८७३ साली हौशी खेळाडूची व्याख्या केली. पैशासाठी न खेळलेला, खेळ शिकवून पोट न भरणारा, अशा अटी तीत होत्याच. शेवटी आणखी दोन गोष्टी जोडल्या होत्या : तो मजूर नसावा आणि तो तेथील आदिवासी नसावा. मजूर होणे परिस्थितीने घडते, आदिवासी असणे जन्माने ठरते. म्हणजे ‘हौशी’ हा शब्द कॅनडाच्या क्रीडाजीवनात आला तोच वर्ग आणि वंश ही दोन कुंपणे बरोबर घेऊन आला. लॅक्रॉस हा खेळ मुळात तेथील आदिवासींचा. गोऱ्यांनी तो त्यांच्याकडून शिकून घेतला, त्याचे नियम छापले, संघटना उभारली. आणि १८८० साली अजिंक्यपदाची स्पर्धा केवळ हौशी संघांसाठी राखून आदिवासी खेळाडूंना धंदेवाईक म्हणून बाहेर ठेवले. ज्यांचा खेळ, तेच खेळाला विटाळ! हे वाक्य आपल्या वाचकांना समजावून सांगावे लागणार नाही.

आता ट्रेलकडे वळू. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या डोंगराळ भागात, कोलंबिया नदीच्या काठी हे गाव आहे. १९६१ साली त्याची वस्ती अकरा-बारा हजारांची. गावाच्या डोक्यावर शिसे आणि जस्त गाळणारा प्रचंड कारखाना आणि त्याची धुराडी. या कारखान्याचा गंधकयुक्त धूर नदीच्या खोऱ्यातून सरहद्दीपलीकडे अमेरिकेतील शेतांवर जात असे. त्यातून दोन राष्ट्रांत तंटा झाला. १९३८ आणि १९४१ साली लवादाने जे निर्णय दिले ते आजही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात शिकवले जातात. शेजारच्या देशातील पिकांसाठी लवाद बसला. गावातील माणसे तो धूर रोज घेतच होती. त्यांच्या हॉकी संघाचे नावच ‘स्मोक ईटर्स’, म्हणजे धूर खाणारे. या नावात तक्रार नाही, उलट एक प्रकारची ऐट आहे. ज्याने आपल्याला हिणवता आले असते तेच नाव छातीवर लावून मिरवणे ही कामकऱ्यांची जुनी रीत आहे. इटलीहून आलेल्या कामगारांची येथे मोठी वस्ती होती. १९६१ च्या संघातील तांबेलिनी, क्रिस्तोफोली, लेनार्डन ही आडनावे त्याची साक्ष देतात.

बर्फावरच्या हॉकीत प्रत्येक बाजूला सहा खेळाडू असतात. पायात पाती लावलेले बूट, हातात लांब काठी आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती. वेग विलक्षण, धक्काबुक्की नियमात बसणारी. त्या काळी उत्तर अमेरिकेतील धंदेवाईक राष्ट्रीय लीगमध्ये फक्त सहा संघ होते. सहा संघांत शे-सव्वाशे खेळाडूंची सोय होई. बाकीचे चांगले खेळाडू आपापल्या गावी नोकरी करीत आणि ‘सीनियर’ हौशी संघातून खेळत. जागतिक स्पर्धेत धंदेवाईकांना बंदी असल्यामुळे कॅनडा निवडक राष्ट्रीय संघ न पाठवता अशाच एखाद्या गावचा संघ देशाच्या नावाने पाठवी. ट्रेलने १९३९ साली स्वित्झर्लंडमध्ये याच रीतीने अजिंक्यपद मिळवले होते.

१९५४ साली हे चित्र बदलले. सोव्हिएत रशियात या खेळाची पद्धतशीर सुरुवात १९४६ च्या डिसेंबरात झाली होती. अवघ्या आठव्या वर्षी ते पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत उतरले आणि स्टॉकहोमला टोरांटोच्या उपनगरातील एका साध्या संघाचा ७–२ असा पराभव करून जिंकले. कॅनडाला ही राष्ट्रीय मानहानी वाटली. पुढच्या वर्षी पेंटिक्टन या फळबागांच्या गावचा संघ पश्चिम जर्मनीला गेला. ६ मार्च १९५५ रोजी क्रेफेल्ड येथे त्याने रशियनांना ५–० असे हरवले आणि कॅनडाचा जीव भांड्यात पडला.

पेंटिक्टनच्या विजयातील एक बारीक गोष्ट मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्या संघाचा खेळाडू-प्रशिक्षक ग्रँट वॉर्विक हा १९४१ पासून सुमारे नऊ मोसम धंदेवाईक लीगमध्ये खेळलेला माणूस होता. त्याला पुन्हा हौशी म्हणून मान्यता देण्यात आली होती. म्हणजे गेलेले हौशीपण कागदावर परत मिळू शकत होते. याच्या शेजारी जिम थॉर्पला उभे करा. अमेरिकेतील आदिवासी समाजातला हा खेळाडू १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकला. त्यापूर्वी किरकोळ पैशासाठी तो बेसबॉल खेळला होता, एवढ्यावरून १९१३ साली त्याची पदके काढून घेतली. ती परत देण्याचा निर्णय व्हायला १९८२ साल उजाडले. तेव्हा थॉर्पला मरून एकोणतीस वर्षे झाली होती. त्यातही एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पूर्ववत व्हायला २०२२ पर्यंत थांबावे लागले. दोन्ही प्रसंगांत नियम एकच : पैसे घेतलेला तो धंदेवाईक. पण नियमाला पळवाट असते आणि ती कोणाला दाखवायची हे दार राखणारा ठरवतो.

१९६१ साली ट्रेलची पाळी आली तीही बदली म्हणून. आदल्या वर्षीच्या ॲलन कप या राष्ट्रीय हौशी स्पर्धेच्या अंतिम फेरीत ते चॅटमच्या संघाकडून हरले होते. चॅटमचा संघ गेला नाही म्हणून ट्रेल गेले. बॉबी क्रॉम हा प्रशिक्षक, सेथ मार्टिन हा गोलरक्षक. जिनिव्हा आणि लोझान या स्विस शहरांत सामने झाले. चेकोस्लोव्हाकियाशी १–१ अशी बरोबरी झाल्यामुळे सारे शेवटच्या सामन्यावर आले. रशियनांना नुसते हरवून भागणार नव्हते, गोलांचा फरकही हवा होता. १२ मार्च १९६१ रोजी ट्रेलने तो सामना ५–१ असा जिंकला. पाचवा गोल लेनार्डनचा. चेक संघाशी गुण समान राहिले आणि गोलांच्या फरकावर अजिंक्यपद ट्रेलकडे आले. मार्टिन स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. हे खेळाडू आठवडेच्या आठवडे परदेशात असताना त्यांच्या घरचे संसार ज्या बायकांनी ओढले त्यांची नोंद कोणत्याही गुणफलकावर नाही. ती येथे करून ठेवतो.

या सामन्यात हौशी कोण होते? कागदावर दोन्ही बाजू. रशियाचे अनेक खेळाडू लष्कराच्या क्लबचे होते. हुद्दा आणि पगार सैन्याचा, काम हॉकीचे. अनातोली तारासोव्हसारखा प्रशिक्षक त्यांच्याकडून वर्षभर सराव करून घेई. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी याला ढोंग म्हटले, आणि ते ढोंग होतेही. परंतु ट्रेलमध्ये तरी काय होते? चांगल्या हॉकीपटूला त्या गावात कारखान्यात नोकरी मिळे, हे उघड गुपित होते. एका ठिकाणी सरकार पोसत होते, दुसऱ्या ठिकाणी कंपनी. फरक एवढाच की रशियन खेळाडूला सरावासाठी दिवस मोकळा मिळे, आणि ट्रेलच्या खेळाडूला कामाची पाळी भरून उरलेल्या वेळात खेळावे लागे. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. मोल असते. ते कोणीतरी भरत असते.

म्हणून मला ट्रेलच्या विजयाचा अर्थ ‘निर्मळ हौशींनी पगारी खेळाडूंना हरवले’ असा वाटत नाही. ज्या शब्दातून मजुराला १८७३ साली हाकलले होते, तोच शब्द अठ्ठ्याऐंशी वर्षांनी मजुरांच्या गावाने देशासाठी वागवला, हा त्याचा अर्थ आहे. मजूर आत आला. पण व्याख्येतला दुसरा माणूस? तेथील आदिवासी समाजातला फ्रेड सासाकमूस १९५३–५४ च्या मोसमात शिकागोच्या धंदेवाईक संघाकडून अकरा सामने खेळला. विली ओ’री हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू त्या लीगमध्ये उतरला १८ जानेवारी १९५८ रोजी. हॅलिफॅक्सच्या कृष्णवर्णीयांनी मात्र १८९५ सालीच स्वतःची हॉकी लीग काढली होती. म्हणजे दार उघडण्याची वाट न पाहता त्यांनी वेगळे घर बांधले होते. वर्गाचे कुंपण मोडले तरी वंशाचे कुंपण आपोआप मोडत नाही, हा धडा येथेही मिळतो.

ट्रेलचा विजय हा त्या पद्धतीचा शेवटचा विजय ठरला. १९६३ साली ट्रेलचा संघ पुन्हा गेला आणि चौथा आला. त्या वर्षापासून १९७१ पर्यंत रशियाने सलग नऊ अजिंक्यपदे मिळवली. फादर डेव्हिड बाउर या धर्मगुरूने विद्यापीठातील विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय संघ बांधला; हौशीपणाची जागा कामगाराकडून विद्यार्थ्याकडे गेली. तेही पुरे पडले नाही. धंदेवाईकांना खेळू देत नाहीत म्हणून १९७० साली कॅनडाने जागतिक स्पर्धेतूनच अंग काढून घेतले आणि १९७७ साली, तो नियम बदलल्यावर, तो परतला. मधल्या काळात, १९७२ साली, धंदेवाईकांचा निवडक संघ रशियनांशी आठ सामने खेळला. पहिल्याच सामन्यात तो ७–३ असा हरला आणि अखेर चार विजय, तीन पराभव, एक बरोबरी असा निसटता वरचढ ठरला. पगारदार ताऱ्यांची ही गत पाहिली म्हणजे धूर खाणाऱ्यांचा ५–१ काय तोलाचा होता ते कळते. १९६१ नंतर कॅनडाला जागतिक अजिंक्यपद पुन्हा मिळाले ते १९९४ साली, धंदेवाईक खेळाडूंच्या जोरावर.

हा भेद ज्या इंग्रजी क्रीडासंस्कृतीत वाढला, तीच क्रिकेटबरोबर आपल्याकडे आली. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबमध्ये पाळवणकर बाळू दरमहा चार रुपयांवर मैदान राखीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. साहेब हौशी होते. बाळू पगारी होते. पुढे हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणाऱ्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीही मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. ट्रेलच्या कामगाराला वेळेची अडचण होती. बाळूंना वेळ, पैसा आणि जात या तिन्हींची होती.

गांधीवादावर टीका करताना बाबासाहेबांनी १९४५ साली फुरसतीचा प्रश्न मांडला होता. सारे आयुष्य पोटामागे धावण्यात गेले तर माणसाला संस्कृतीचे जीवन जगता येत नाही, यंत्राने ही फुरसत सर्वांना मिळवून द्यावी, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. मजूरमंत्री म्हणून कारखान्यातील कामाचे तास कमी करण्यासाठी ते झटले, त्यामागेही हीच दृष्टी होती. आमच्या महाविद्यालयात दरवर्षी खेळाच्या निवडीसाठी नावे मागवली जातात तेव्हा मला हे आठवते. पहाटे दूध किंवा वर्तमानपत्रे टाकून वर्गात येणारी मुले नाव देत नाहीत. मग शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी सहज म्हणते, या मुलांना खेळाची आवडच नाही.

आवड आहे. फुरसत नाही. ट्रेलच्या माणसांकडे धुराच्या गावातून जग जिंकण्याइतकी आवड होती. पण पाळी संपल्यावर उरलेला वेळ आणि संघामागे उभे राहणारे गावही होते. आपल्या मुलांची गुणवत्ता मोजण्यापूर्वी त्यांच्या हाती उरलेले तास मोजले पाहिजेत. खेळाच्या इतिहासाने हे मोजमाप कधी केले नाही. ते करणे आता आपले काम आहे.