यंत्राचे पाय, माणसाचे हात



अंगावरनं वारं गेलं की माणसाला उठवणं-बसवणं घरातल्या बाईच्या कमरेवर येतं. हल्ली मोबाईलवर व्हिडिओ दिसतात: पायांना यंत्राचा सांगाडा बांधून पेशंट चालतोय. ‘आपल्या माणसाला हे मिळालं तर?’ असं गटाच्या बैठकीत बायका विचारतात. म्हणून आज या यंत्राची गोष्ट.

१८९० साली निकोलस याग्न या रशियन माणसानं चालायला-पळायला मदत करणाऱ्या साधनाचं अमेरिकेत पेटंट घेतलं. ते धडधाकट माणसासाठी होतं. पाय लुळे पडलेल्यांसाठी १९७२ च्या सुमारास बेलग्रेडमध्ये मिओमिर वुकोब्रातोविच यांनी हवेच्या दाबावर चालणारा सांगाडा बनवला.

लकव्यात इजा मेंदूला झालेली असते, पायाला नाही. मेंदूच्या चांगल्या राहिलेल्या भागाला चालणं शिकवायचं, तर तेच पाऊल शेकडो वेळा टाकावं लागतं. १९९० नंतरच्या दशकात पेशंटला पट्ट्यानं तोलून ट्रेडमिलवर उभं करत आणि फिजिओथेरपिस्ट खाली बसून त्याचे पाय हातानं पुढं टाकत. थोड्या वेळात त्यांचीच पाठ भरून येई. हे कष्ट हलके करायला झुरिकच्या बालग्रिस्ट हॉस्पिटलात गेरी कोलंबो यांनी यंत्र घडवलं, तेच ‘लोकोमॅट’. आपल्या देशात मॅनहोल साफ करणारा रोबो बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्स कंपनीनंही असं यंत्र तयार केलंय.

गुण किती येतो? २०२० मध्ये ६२ अभ्यासांतल्या २,४४० पेशंटची माहिती एकत्र तपासली गेली. फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र असेल, तर आधाराशिवाय चालू लागण्याची शक्यता वाढते. जास्त फायदा पहिल्या तीन महिन्यांत आणि अजिबात चालू न शकणाऱ्यांना होतो. उलट, आधीच चालणाऱ्या जुन्या पेशंटवर अमेरिकेत २००८ साली झालेल्या अभ्यासात थेरपिस्टचा हातच यंत्रापेक्षा सरस ठरला.

तेव्हा यंत्रासाठी दागिने मोडायच्या आधी पहिले तीन महिने वाया घालवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की व्यायाम सुरू करा. फिजिओथेरपीचं कॉलेज तर आपल्या बावड्यातच आहे. पेशंटला कसं धरायचं ते तिथं शिकून घ्या आणि लुळा हात ओढून कधी उठवू नका, खांदा निखळतो. आणि हे शिकायला एकट्या सुनेला पाठवू नका. घरातल्या पुरुषांनीही जावं. झुरिकमध्ये थेरपिस्टची पाठ वाचवायला यंत्र आलं. आपल्या घरी बाईची पाठ पाळ्या लावूनच वाचेल.