दिलेल्या घरांची कुळकथा

जालन्याहून भोकरदनला निघालं की वाटेत राजूर लागतं. चतुर्थीला इथे गणपतीच्या दर्शनाची रांग हटत नाही. पण पुढे भोकरदनला जुनं काही पाहायला म्हणून थांबणारे विरळाच. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुत इथल्या स्तूपांच्या दगडांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसं आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखातल्या लोकांनी इतक्या लांब दान दिलं आणि नावाबरोबर गावही कोरून घेतलं. देणाऱ्याचं गाव लक्षात राहावं ही ओढ इतकी जुनी आहे.

भोकरदनच्या पांढरीत 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं. त्यात हस्तिदंतात कोरलेल्या स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती 1938 मध्ये थेट इटलीत, पॉम्पेईच्या राखेखालून निघाली होती. हे शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीने गाडलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचली होती.

अशीच एक हस्तिदंती बाहुली धाराशिव जिल्ह्यात तेरला आहे. ती मुंबईला किंवा लंडनला गेली नाही, तेरलाच राहिली. तेर हे गोरोबाकाकांचं गाव, आणि त्याच्याही कितीतरी आधीचं तगर. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर असून तिथलं कापड भडोचच्या बंदराला जातं, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलेलं आहे. तिथे पावसाळ्यात पांढरी धुपली की मणी, नाणी, पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या वर येतात. बहुतेक गावांत अशा वस्तू पोरांच्या खेळात जातात, नाहीतर व्यापाऱ्याच्या पिशवीत. तेरला रामलिंगप्पा लामतुरे होते. त्यांनी या वस्तू जमवल्या, जपल्या. पुढे तो संग्रह शासनाकडे गेला आणि त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय गावातच उभं राहिलं. मराठवाड्यातल्या संग्रहालयांच्या कुळात मी या घराण्याला पहिला मान देतो.

वस्तूंबरोबर राहतं घरही द्यायचं, ही त्याच्या पुढची पायरी. लंडनचा वास्तुकार जॉन सोन याने 1833 साली पार्लमेंटकडून त्यासाठी खास कायदा करून घेतला. आपल्या मृत्यूच्या वेळी घर जसं असेल, होता होईल तेवढं तसंच ठेवावं, अशी त्यात तरतूद होती. 1837 मध्ये तो गेला. घर आजही लोकांसाठी उघडं आहे. आपल्याकडे पुण्यात दिनकर केलकरांनी शुक्रवार पेठेतल्या स्वतःच्या वाड्यात संग्रह मांडला, त्याला लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव दिलं आणि पुढे तो राज्याच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, वज्री, कुंकवाचे करंडे. घरातल्या बाईमाणसाच्या हाताखालच्या वस्तूंना तलवारींइतकाच मान मिळाला, हे केलकरांचं मोठेपण.

राजूरच्या आसपास काय करता येईल? माझ्या मनात काचेची कपाटं नाहीत, माळवदाचं घर आहे. पुढे ढेलज, मग ओसरी, भिंतीत दिव्याची देवळी, आतल्या अंगाला धान्याचं बळद. बळदाच्या वरच्या तोंडातून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं आणि त्या भोकाचा बोळा चिखलाने लिंपायचा. ज्याने हे पाहिलं नाही त्याला दुष्काळाच्या वर्षी घर कसं तगायचं ते पुस्तकातून कळणार नाही. जातं जिथे रोवलं होतं तिथेच असावं, उतरंड तिच्याच कोपऱ्यात. अशी घरं पडत चालली आहेत. वारस पुण्यात, संभाजीनगरात. सागवानी खांब विकून मोकळं होण्यापेक्षा एखाद्या कुटुंबाने घर गावाला द्यावं, असं मला कळकळीने वाटतं.

मात्र घर तोंडी देता येत नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार बक्षीसपत्र लागतं: नोंदणी केलेलं, देणाऱ्याच्या सहीचं, दोन साक्षीदारांचं. घेणाऱ्यानेही ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलं पाहिजे. म्हणून घेणारी संस्था आधी उभी करावी. शेतात पुरलेलं घबाड सापडलं तर 1878 चा निखात निधी कायदा लागतो आणि कलेक्टरला कळवावं लागतं. ते परस्पर घरात मांडता येत नाही. कागद झाल्यावरही खरी कसोटी माळवदाची. दर वर्षी मृगाआधी त्यावरचं गवत उपटून नवी पांढरी माती टाकावी लागते, पन्हाळी मोकळी करावी लागतात. एक पावसाळा हे चुकलं की आढ्याला ओल लागते आणि पुढच्या वर्षी खण खाली येतो. तेव्हा बक्षीसपत्रावर सही होण्याआधीच हे काम दर वर्षी कोण करणार, हे ठरवून लिहून ठेवावं.