आमचा रविवार सोमवारी यायचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुमच्या आवडीचा वार कोणता, असं लहान मुलाला विचारलं तर ते क्षणाचाही विचार न करता ‘रविवार’ म्हणतं. शाळेला सुट्टी, उशिरापर्यंत झोप, घरात मटणाचा वास आणि वडील घरी. मी लहान असताना मला कुणी हा प्रश्न विचारला असता तर मी ‘सोमवार’ म्हटलं असतं, आणि तोही वर्षातला एकच. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी गाण्यांबद्दल बोलू या.

आमच्या दुकानात एक जुना रेडिओ होता. आम्ही मणियार. बांगड्या भरणं हा पिढीजात धंदा. अब्बांचा हात गिऱ्हाइकाच्या मनगटावर आणि कान रेडिओकडे. त्या रेडिओवर सी. रामचंद्रांचं एक गाणं लागलं की अब्बा हसायचे. १९४७ सालच्या ‘शहनाई’ या चित्रपटातलं ते संडेचं गाणं. एक फॅशनेबल गडी प्रेयसीला दर रविवारी भेटायला बोलावतो, परदेश दाखवण्याच्या बाता मारतो आणि ती त्याला झिडकारते, असा सगळा गमतीचा मामला. शब्द प्यारेलाल संतोषींचे. संगीतकार आपल्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा मराठी माणूस, रामचंद्र चितळकर. गाण्यात आवाजही त्यांचाच, ‘चितळकर’ या नावानं. सोबत मीना कपूर आणि शमशाद बेगम. ‘इतवार’ हा घरगुती शब्द हाताशी असताना संतोषींनी मुद्दाम ‘संडे’ म्हटलं. गंमत त्या इंग्रजी शब्दातच होती. ‘संडे’ म्हटलं की साहेब आला, बूट आला, फिरायला जाणं आलं.

हा चित्रपट १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रदर्शित झाला. तो शुक्रवार होता, आणि रमजान महिन्यातला अखेरचा शुक्रवार. एकीकडे देश स्वतंत्र होत होता, फाळणीनं होरपळत होता, मशिदींतून अलविदा जुम्म्याची नमाज होत होती. आणि त्याच दिवशी लोकांच्या कानांवर एक खुशालचेंडू गाणं येऊ लागलं, ज्यात माणूस म्हणतो की माझा रविवार मोकळा आहे, ये. ही मोकळीक किती नवी होती, हे ते गाणं ऐकताना कुणाच्या ध्यानात येत नाही. रविवारी भेटायचं वचन द्यायचं तर आधी रविवार आपल्या मालकीचा असावा लागतो.

आपल्याकडे वारांची गाणी होती, पण ती सुट्टीची नव्हती. जात्यावर बसलेली बाई सोमवार महादेवाला वाहायची, मंगळवार देवीला, गुरुवार दत्ताला, रविवार खंडोबाला. श्रावणातल्या रविवारी आदित्यराणूबाईची कहाणी वाचली जायची. ‘आदित्यवार’चा ‘आइतवार’ झाला, आमच्या अहिराणीत तो ‘ऐतवार’ आणि घरातल्या उर्दूत ‘इतवार’. एकाच सूर्याची ही नावं. देवानंतर वारावर हक्क बाजाराचा. पुण्यात सोमवार ते रविवार साती वारांच्या पेठा आहेत, नाशकात रविवार कारंजा आहे आणि आमच्या नंदुरबारात मंगळबाजार नावाचा भागच आहे. शेतकऱ्याची सुट्टी वारावर नव्हतीच. ती अमावस्येला असायची, त्या दिवशी औत धरायचं नाही. आठवड्यातून एक दिवस हात बांधून बसायचं, ही कल्पना आपल्या गावगाड्याला ठाऊक नव्हती. सगळे दिवस कामाचे आणि सणाचा दिवस सणाचा.

मुंबईत गिरण्या आल्या आणि हे गणित बिघडलं. यंत्राला ना अमावस्या कळते ना खंडोबा. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत माणूस साच्यापाशी उभा. या माणसांसाठी उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. ते महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक. गिरणीत नोकरी केलेली असल्यामुळे तिथलं जगणं त्यांनी जवळून पाहिलं होतं. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या आज वाचल्या तर डोळ्यांत पाणी येतं, इतक्या साध्या आहेत. रविवारी सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. सकाळी साडेसहाला काम सुरू करा आणि सूर्यास्ताला थांबवा. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या.

यातली रविवारची सुट्टी मिळायलाच सहा वर्षं लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यांची नावं घराघरात असायला हवी होती, ती नाहीत. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानं साप्ताहिक सुट्टीला कायद्याचं बळ दिलं.

पुष्कळ जणांना वाटतं की रविवार साहेबानं दिला, त्याच्या चर्चसाठी. सरकारी कचेऱ्यांपुरतं ते खरंही असेल. पण कष्टकऱ्याच्या घरी रविवार आला तो अर्ज, सभा आणि सह्या यांच्या वाटेनं. लोखंड्यांनी रविवार मागताना ‘हा आमच्या खंडोबाचा वार आहे’ असंही मांडलं, असं सांगितलं जातं. मला ते पटतं. साहेबाचा सॅबथ आणि जेजुरीचा खंडोबा एकाच वारावर भेटले, त्यात गरिबाचं काम झालं.

लोखंड्यांबद्दल आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. ११ ऑगस्ट १८९३ च्या शुक्रवारी मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा पेटला. रविवार मिळवून देणारा हा माणूस तेव्हा घरी बसला नाही. गिरणगावात फिरला, दोन्ही समाजांना एकत्र आणण्यासाठी राणीच्या बागेत त्यानं सभा घेतली. पुढे १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्याच आजारानं त्यांचा अंत झाला. सरकारनं २००५ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. पण खरं सांगतो, दर रविवारी अर्धं हिंदुस्थान त्यांचं स्मरण न करता त्यांनी दिलेली झोप झोपतं. माणसाचं काम पुरतं रुजलं की त्याचं नाव विसरलं जातं, हेही एक यशच म्हणायचं.

सुट्टी आधी आली, गाणी मागून आली. गिरणगावात मोकळा दिवस मिळाला तसे भजनांचे फड, शाहिरांचे फड, तमाशाची थिएटरं बहरली. बार्शीच्या गिरणीत काम केलेले अमर शेख हे आमच्यासारख्या मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांचे थोरले भाऊच. त्यांच्या पहाडी आवाजापुढे कामगार हजारोंनी बसायचे, ते कामाचे तास संपल्यावरच ना? १८९० ची सुट्टी आणि १९४७ चं संडेचं गाणं यांत सत्तावन्न वर्षांचं अंतर आहे. दोन पिढ्या रविवार वापरून मऊ झाला, तेव्हा त्याची थट्टा करण्याइतका तो आपला झाला.

जगातही असंच आहे. हंगेरीत १९३३ च्या सुमारास रेझो शेरेश यांनी उदास रविवारचं गाणं रचलं, ते पुढे बिली हॉलिडेच्या आवाजात जगभर गेलं. सुट्टीचा दिवस एकट्या माणसाला खायला उठतो, हे त्या गाण्याचं मर्म. म्हणजे रविवार गोड असतो तो घरात माणसं असतील तरच.

आता आमच्याकडे, खानदेशात या. खानदेशाचा स्वतःचा एक रविवार आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने लेववून तिची स्थापना होते, रोट होतात, पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी होते. रात्रभर बायका अहिराणी गाणी म्हणत जागतात. कानबाई माहेरी आलेल्या लेकीसारखी. येताना कौतुक, सोमवारी नदीवर निरोप देताना गळा दाटलेला. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, म्हणून सुरतेच्या मागांवर, उधन्याच्या कारखान्यांत गेलेली पोरं ताप्ती लाइनच्या गाडीला लोंबकळत घरी येतात. वर्षभराचे बाकीचे रविवार त्यांना असोत नसोत, हा एक असतो.

हा रविवार आमच्या घरचा सर्वांत कष्टाचा आठवडा घेऊन यायचा. “ऐतवारले कानबाई शे चाचा, हिरव्या बांगड्या दखाडा,” म्हणत बाया गुरुवारपासून दुकानात दाटी करायच्या. अब्बा गावोगावचे बाजार करून यायचे, रात्री कंदिलाच्या उजेडात बांगड्यांचे डझन बांधायचे. शुक्रवारी दुपारी नमाजेपुरते उठायचे. रविवारी संध्याकाळी आरतीच्या आधी शेवटची बाई हात भरून गेली की दुकानाची फळी लागायची. रात्री गल्लीतून गाणी यायची. अम्मी अंगणात बसून ऐकायची. तिला ती सगळी पाठ होती. देवी तिची नव्हती, पण माहेर तिलाही होतं.

आणि मग उजाडायचा सोमवार. सगळं गाव नदीवर. हातात नव्या बांगड्या भरलेल्या, त्यामुळे एकही गिऱ्हाईक नाही. अब्बा दहा वाजेपर्यंत झोपायचे. रेडिओ घरात यायचा. अम्मी गोश्त शिजवायची. मी अब्बांच्या पोटावर डोकं ठेवून गाणी ऐकायचो. आमचा रविवार असा सोमवारी यायचा, वर्षातून एकदा.

पुढे १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले. तेव्हा अब्बांना आणखी एक दीड तासाची सुट्टी मिळाली. ते शेजाऱ्यांकडे जाऊन बसायचे आणि परत येऊन म्हणायचे, “आज गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, दुकान उघडून कुणाला बांगड्या भरू?” तेवढं बोलतानाही त्यांच्या चेहऱ्यावर सुट्टीवरच्या माणसाचं हसू असायचं.

आता माझी कबुली. मी बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, कष्टकऱ्यांवरही लिहिल्या. दुकान मात्र सुटलं नाही. दुकानात मदतीला एक मुलगा आहे, सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा. हळदीत, वरातीत वाजणारी रविवारच्या आवडीची गाणी त्याच्या मोबाइलवर सारखी वाजत असतात. लग्नसराईच्या दिवसांत एकदा तो म्हणाला, “चाचा, आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या ना.” मी म्हणालो, “सीझन संपू दे.” सीझन संपला, दुसरा आला. तो पुन्हा बोलला नाही, मीही विषय काढला नाही.

पूर्वी १९४८ च्या दुकाने कायद्यानं प्रत्येक दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावंच लागे. गावातल्या दुकानांवर बंदचा वार लिहिलेला असायचा. आमच्याही होता, त्या दिवशी अब्बा फळी लावून दुसऱ्या गावचा बाजार करायला जायचे, ही गोष्ट वेगळी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या नव्या कायद्यानं दुकानं वर्षभर रोज उघडी ठेवायची मुभा दिली. कामगाराला आठवड्याची सुट्टी सक्तीची ठेवली, पण दहाहून कमी माणसं असलेली दुकानं त्यातून जवळजवळ बाहेरच राहिली. माझ्या दुकानात एकच माणूस. म्हणजे लोखंड्यांचा रविवार माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत येऊन थांबतो. वीटभट्टीवर आणि उसाच्या फडात आमच्या जिल्ह्यातून जी माणसं जातात, त्यांच्यापर्यंत तर तो पोहोचतच नाही. रविवारच्या गाण्यावर तीही नाचतात. गाणं सगळ्यांचं झालं, दिवस अजून व्हायचा आहे.

या भाषणासाठी लोखंड्यांच्या त्या मागण्या कागदावर उतरवत होतो, तेव्हा तो मुलगा समोर बसून बांगड्या पुसत होता. मला लिहिता येईना. कागद बाजूला ठेवला आणि त्याला म्हणालो, “बेटा, आठवड्यातून एक दिवस तुझा. पगार कापणार नाही. रविवारपासून सुरू कर.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग संकोचून म्हणाला, “चाचा, रविवार नको. आमच्या बाजाराचा वार द्या. त्या दिवशी डोंगरातली सगळी माणसं खाली येतात. आई पण येते.”

संडेच्या गाण्यात जे मागितलं होतं तेच त्यानं मागितलं, फक्त वार निराळा. त्या वारी आता दुकानात मी एकटाच असतो. बांगड्या मीच पुसतो, रेडिओ लावतो. तो दुसऱ्या दिवशी येतो तेव्हा त्याच्या पिशवीत आईनं दिलेल्या ज्वारीच्या भाकरी असतात. त्यातली एक माझ्यासाठी असते.