कनिष्कची बॅग

२३ जून १९८५ रोजी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान बॉम्बस्फोटाने समुद्रात कोसळलं आणि ३२९ माणसं गेली. या घातपाताची चर्चा निघाली की टोरांटो विमानतळावर ऐन वेळी बंद पडलेल्या एक्स-रे यंत्राचा उल्लेख हमखास होतो. यंत्र चालू असतं तर बॉम्ब सापडला असता, असा त्यामागचा तर्क. हे निदान अपुरं आहे. बॉम्ब असलेल्या बॅगेचा प्रवास व्हँकुव्हरच्या काउंटरवर सुरू झाला होता. टोरांटोच्या पुढची जागा पक्की नसतानाही बॅग थेट दिल्लीपर्यंत पाठवा, असा हट्ट प्रवाशाने धरला आणि कर्मचाऱ्याने अखेर तो मानला. प्रवासी विमानात चढलाच नाही, बॅग मात्र गेली. टोरांटोला यंत्र बंद पडल्यावर सुरक्षारक्षकांच्या हाती स्फोटकं हुंगणारं एक छोटं उपकरण देण्यात आलं, पण ते वापरण्याचं धड शिक्षण त्यांना नव्हतं. पोलिसांची श्वानपथकं त्या दिवशी प्रशिक्षणासाठी व्हँकुव्हरला गेली होती. सामानात वेळ लावलेले बॉम्ब येऊ शकतात, असा इशारा देणारा टेलेक्स एअर इंडियाने १ जूनलाच मुंबईहून धाडला होता. कॅनडाच्या पोलिसांकडून तो तिथल्या गुप्तचर खात्यापर्यंत गेलाच नाही. म्हणजे एकट्या यंत्राने दगा दिला असं नव्हे. एका हातातून दुसऱ्या हातात काम जाताना प्रत्येक जण पुढच्यावर विसंबला होता, आणि संपूर्ण व्यवस्थेचा एकत्र विचार करणारं सिस्टिम्स इंजिनीअरिंग नेमकं हेच सांधे तपासायला सांगतं.

हे सगळं मागाहून सुचलेलं शहाणपण आहे, असा आक्षेप घेता येईल. त्या टेलेक्सची तारीखच त्याला उत्तर देते. यंत्रावर भरवसा ठेवणाऱ्यांना उत्तर लॉकरबीने दिलं. २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधल्या या गावावर पॅन अॅमच्या विमानात बॅगेतल्या बॉम्बचा स्फोट होऊन विमानातली २५९ आणि जमिनीवरची ११ माणसं मेली. दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांतून येणाऱ्या बॅगा फ्रँकफर्टला एक्स-रेखालून जात होत्या, पण त्यांचा मालक विमानात बसला आहे का, याची पडताळणी होत नव्हती. ‘कनिष्क’नंतर साडेतीन वर्षांनी तीच फट पुन्हा उघडी राहावी, हे अक्षम्य होतं. बॅग आणि प्रवासी यांची जुळणी करायची तर उड्डाणं रखडतात, ही विमान कंपन्यांची तक्रार खरी आहे. जीव द्यायला तयार असलेल्या हल्लेखोरापुढे ही जुळणी निष्प्रभ ठरते, हेही खरं. म्हणूनच यंत्रही हवं आणि जुळणीही हवी, कारण एकाच्या नजरेतून जे सुटतं ते दुसऱ्याला पकडता येतं. भारतात ही सुरक्षा पाहणारा नागरी विमान सुरक्षा ब्यूरो ‘कनिष्क’च्या वेळी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पोटात होता. १ एप्रिल १९८७ रोजी त्याला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला.